बोर्डावर 'प्रोप्रा.' लिहिण्याआधी एवढं समजून घ्या

यवतमाळच्या दत्त चौकातून एकदा फक्त दुकानांचे बोर्ड वाचत चाला. वर मोठ्या अक्षरात दुकानाचं नाव, खाली बारीक अक्षरात 'प्रोप्रा.' आणि एका माणसाचं नाव. ते बारीक अक्षर म्हणजेच एकल मालकी. बहुतेक जण त्याच्यापासूनच सुरुवात करतात आणि तेच बरोबर आहे. पण त्या एका शब्दात तुम्ही काय कबूल करता, हे बोर्ड रंगवणारा सांगत नाही.

कंपनीची नोंदणी होते, भागीदारीचा करारनामा होतो. एकल मालकीसाठी असा वेगळा कायदाच नाही. 'श्री अमुक इलेक्ट्रिकल्स' नावाची वेगळी व्यक्ती कायद्याला दिसत नाही, तुम्हीच दिसता. तुमचा पॅन तोच दुकानाचा पॅन, दुकानाचा नफा तेच तुमचं उत्पन्न, आणि दुकानाची देणी ती तुमची देणी. होलसेलवाल्याचे पैसे थकले तर तो दुकानातल्या मालापाशी थांबेलच असं नाही. तुमच्या नावावरचं घर, तुमच्या वाट्याची शेती, बचत खातं, सगळ्यावर हक्क सांगता येतो. बायकोच्या स्वतःच्या नावावर जे आहे ते आपोआप यात येत नाही, पण तिने कर्जाला जामीनदार म्हणून सही केली असेल तर येतं. सही घ्यायला बँकवाले घाई करतात, तुम्ही करू नका.

मग एका माणसाची कंपनी का नको? २०१३ च्या कंपनी कायद्याने ती सोय दिली आहे. पण दरवर्षी ऑडिट आणि फॉर्म भरणं आलं, सीएची फी आली, आणि छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक मालकाची वैयक्तिक हमी मागतेच. नवीन दुकानाला एकल मालकीच परवडते असं माझं मत आहे. धोका माहीत असला म्हणजे झालं.

आता कागद. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, तिला सरकारी फी शून्य आहे. यासाठी कोणी हजार-पंधराशे मागत असेल तर ते त्याच्या टायपिंगचे. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला उद्यमचा फायदा प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता आहे. ४५ दिवसांत पैसे मिळण्याचं कायद्याचं संरक्षण उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. दुसरा कागद गुमास्ता. राज्याच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे मोजकेच कामगार असलेल्या छोट्या दुकानाने नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. खाण्याचे पदार्थ विकत असाल तर एफएसएसएआय लागेलच. आणि व्यवसाय कर, मालकाचा वर्षाला २,५०० रुपये, हा लोक हमखास विसरतात आणि मग दंडासकट भरतात.

दुकानाच्या नावाने चालू खातं उघडायला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे साधारणपणे धंद्याचे दोन पुरावे लागतात. उद्यम आणि गुमास्ता हे दोन चालतात. म्हणजे जीएसटी नंबर नाही म्हणून खातं उघडत नाही, असं कोणी म्हणालं तर शांतपणे हे दोन कागद पुढे करा.

जीएसटीत सगळ्यात जास्त गोंधळ आहे. फक्त माल विकणाऱ्याला आपल्या राज्यात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. सेवा असेल तर मर्यादा २० लाख. पण दोन्ही असेल तर? माझ्यासारखं इलेक्ट्रिकलचं दुकान घ्या. मोटर विकली, तो माल. जळालेली मोटर वाइंडिंग करून दिली, ती सेवा. अशा दुकानाला ४० नाही, २० लाखांची मर्यादा लागते. दुसरं, मर्यादा पॅनवर मोजतात, बोर्डावर नाही. आर्णी रोडला एक दुकान २५ लाखांचं आणि घाटंजीला दुसऱ्या नावाने १८ लाखांचं, पॅन एकच, तर उलाढाल झाली ४३ लाख. शिवाय ज्या मालावर कर नाही त्याची विक्रीही या बेरजेत धरतात. आणि परराज्यात माल पाठवायचा असेल, समजा वणीहून चंद्रपूरला नाही तर तेलंगणात, तर ४० लाखांचा विचार करत बसू नका, नोंदणी आधी.

२०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयवर जमा झालेल्या रकमेवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या. मी सुरुवातीला नेमकी हीच चूक करत होतो. काउंटरवरचा क्यूआर बचत खात्याचा. त्यातच गिऱ्हाइकाचे पैसे, त्यातच मावसभावाने परत केलेले उसने, त्यातच भिशी. वर्षाअखेरीस सीएने विचारलं, यातली विक्री किती? मला सांगता आलं नाही. बीबीएला अकाउंट्सच्या पेपरात चांगले मार्क होते, तरीही! तेव्हा दुकानाचा क्यूआर पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा.

तसंच गल्ल्याचं. एकल मालकाला स्वतःचा 'पगार' खर्च म्हणून दाखवता येत नाही, घरी नेता ती उचल. तिचा आकडा ठरवा, महिन्याच्या एकाच तारखेला चालू खात्यातून घरच्या खात्यात टाका. संध्याकाळी भाजीसाठी गल्ल्यातून दोनशे काढले की हिशेब तिथेच संपला.

प्राप्तिकरात अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. उलाढाल २ कोटींच्या आत असेल तर विक्रीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर ६ टक्के, किमान एवढा नफा दाखवायचा. सविस्तर वह्यांची सक्ती नाही. पण आयकरवाल्यासाठी वही नको म्हणून स्वतःसाठीही नको, असं नाही. विशेषतः आपल्या जिल्ह्यात.

कारण आपल्याकडे उधारी कापसावर चालते. जूनमध्ये पेरणी, पैसा दसरा-दिवाळीला कापूस घरात यायला लागला की. "कापूस निघाला की देतो भाऊ" हे खोटं नसतं. बहुतेक जण देतातही. पण गणित करून पाहा. महिन्याची विक्री २ लाख, त्यात मालाची खरेदी १ लाख ७० हजार. ४० टक्के उधारी दिली तर हातात आले १ लाख २० हजार. होलसेलवाल्याला महिन्याभरात १ लाख ७० हजार द्यायचे. तूट ५० हजार. जून ते ऑक्टोबर पाच महिन्यांत अडीच लाख, आणि यात भाडं, लाइट बिल, पोऱ्याचा पगार धरलेलाच नाही. कागदावर दुकान दर महिन्याला ३० हजार कमावतंय, आणि तुम्ही सोनं गहाण ठेवायला निघालात. पाऊस लांबला, बोंडअळी आली, की दिवाळीची वसुली पुढच्या दिवाळीवर. तेव्हा उधारीची मर्यादा दुकान उघडायच्या आधी ठरवा, गिऱ्हाईक समोर उभं असताना नाही. एवढं खेळतं भांडवल नसेल तर मुद्रा योजनेत शिशु गटाखाली ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटाखाली ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. मशीनरी-उत्पादनाचं काही असेल तर आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं अनुदान बघा.

शेवटची गोष्ट घराघरातली आहे. मोठ्या भावाच्या नावावर गुमास्ता, त्याच्याच पॅनवर जीएसटी, आणि धाकटा दहा वर्षं काउंटरवर राबतोय. नुसते कागद पाहिले तर त्या दुकानात धाकट्याचं काही नाही. पैसा किंवा घाम दोघांचा असेल तर स्टॅम्प पेपरवर भागीदारीचा करारनामा करून घ्या, संबंध चांगले आहेत तोवरच. आणि मालक गेला की एकल मालकी तिथेच संपते. वारसाला स्वतःच्या पॅनवर नवा जीएसटी नंबर घ्यावा लागतो, तेव्हा शिल्लक क्रेडिट त्याच्याकडे वळवता येतं. चालू खात्याला नॉमिनी लावता येतो, पुष्कळांनी लावलेला नसतो. उद्या बँकेत जाल तेव्हा तेवढा फॉर्म भरून या.

कंपोझिशनमध्ये जायचं की नाही, हे पुढच्या व्हिडिओत. मागच्या तीन महिन्यांच्या विक्रीचा आकडा जवळ ठेवून बसा.