यकृतातील गाठींचे उष्णता-अब्लेशन

यकृतातील गाठींचे उष्णता-अब्लेशन ही यकृतातील लहान कर्कगाठी कापून न काढता जागच्या जागी उष्णतेने नष्ट करण्याची उपचारपद्धती आहे. गाठ साधारणतः ३ सेंटिमीटरपर्यंत असताना ती सर्वाधिक परिणामकारक ठरते; त्यामुळे तिचे यश मुख्यतः गाठ वेळेत सापडण्यावर अवलंबून असते.

कार्यपद्धती

सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या साहाय्याने त्वचेतून सुई गाठीपर्यंत नेली जाते. रेडिओफ्रिक्वेन्सी पद्धतीत सुईच्या टोकातून उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह सोडतात. त्यामुळे ऊतकातील आयन वेगाने मागेपुढे होऊन घर्षणाने उष्णता निर्माण होते. ६० अंश सेल्सिअसच्या वर पेशींतील प्रथिने साकळतात व पेशी जवळजवळ तत्काळ मरतात. तापमान १०० अंशांपलीकडे गेल्यास मात्र ऊतक करपते, प्रवाहाला रोध होतो आणि उष्णता पुढे पसरत नाही. मायक्रोवेव्ह पद्धतीत मुख्यतः पाण्याचे रेणू हलवून उष्णता निर्माण केली जात असल्याने ही अडचण कमी येते. गाठीभोवतीचे ५ ते १० मिलिमीटर ऊतकही हेतुपुरस्सर नष्ट केले जाते, कारण तेथे सूक्ष्म कर्कपेशी असू शकतात.

रुग्णनिवड

यकृताचा कर्करोग बहुधा यकृतसूत्रण (सिरॉसिस) झालेल्या यकृतात उद्भवतो. हिपॅटायटिस बी व सी, मद्यपान आणि यकृतातील मेद ही त्याची प्रमुख कारणे होत. अशा दुर्बल यकृताचा भाग कापणे अनेकदा धोक्याचे असते. अब्लेशनमध्ये उर्वरित यकृत बव्हंशी शाबूत राहते. सामान्यतः तीनपर्यंत लहान गाठी असलेल्या रुग्णांसाठी या उपचाराचा विचार होतो.

मर्यादा

मोठ्या रक्तवाहिनीलगतच्या गाठीतील उष्णता वाहते रक्त हिरावून नेते व काही पेशी जिवंत राहू शकतात. पित्तनलिका, आतडे किंवा श्वासपटलाजवळ इजेचा धोका असतो. रक्तस्राव व जंतुसंसर्ग हेही संभाव्य उपद्रव आहेत. मूळचा यकृतविकार कायम राहत असल्याने नव्या गाठी उद्भवू शकतात. म्हणून उपचारानंतरही ठरावीक काळाने स्कॅन करावे लागतात.

वेळेवर निदान

लहान गाठ सहसा दुखत नाही. त्यामुळे यकृतसूत्रण असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी, अशी शिफारस आहे.

महाराष्ट्रात

मुंबईत परळ येथे १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात हा उपचार केला जातो. त्याच संस्थेचे कर्करोग उपचार व संशोधन केंद्र पनवेल तालुक्यात खारघर येथे आहे.