सुटीचे महिने आणि शिक्षकांचें वेतन

मे महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यांतील शाळांना कुलपें लागलेलीं असतात. राज्याच्या इतर भागांतील शाळा साधारणतः जूनच्या मध्यास भरतात. विदर्भांतील शाळा मात्र उन्हाच्या तापामुळें जूनच्या अखेरीच्या सुमारास उघडतात. इतकी लांब सुटी आणि तीहि पगारी, हें पाहून ‘मास्तरांची चैन आहे’ असा शेरा सुशिक्षित घरांतूनहि ऐकूं येतो. हा शेरा दोन्ही बाजूंनीं चुकीचा आहे. ज्यांना सुटींत वेतन मिळतें, त्यांना तें फुकट मिळत नाहीं. आणि शिकविण्याचें काम करणाऱ्या पुष्कळांना तें मुळींच मिळत नाहीं.

वेतन ठरविण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक पदाची, दुसरी तासाची. यवतमाळ जिल्हा १९५६ मध्यें मध्यप्रदेशांतून मुंबई राज्यांत आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. १९६२ पासून येथील ग्रामीण प्राथमिक शिक्षणाचा भार मुख्यतः जिल्हा परिषदेवर आहे. खाजगी शाळांतील सेवकांच्या सेवाशर्ती १९७७ च्या कायद्यानें व १९८१ च्या नियमांनीं बांधल्या गेल्या. या दोन्ही ठिकाणीं कायम शिक्षकाची नेमणूक वेतनश्रेणींतील पदावर होते. पद बाराही महिने अस्तित्वांत असतें, म्हणून वेतनहि बाराही महिने चालू राहतें. शाळेचें दार बंद झालें म्हणून पद रिकामें होत नाहीं. जसें न्यायालयास उन्हाळ्याची सुटी लागली म्हणून न्यायाधीशाचें पद रिकामें होत नाहीं.

या सुटीची किंमत शिक्षक दुसऱ्या मार्गानें चुकवीत असतो. सरकारी रजा-नियमांत कचेऱ्यांचे दोन वर्ग आहेत: सुटी असणारे विभाग आणि सुटी नसणारे विभाग. तहसील कचेरींतील कारकुनास वर्षाकांठीं ३० दिवसांची अर्जित रजा मिळते. ती ३०० दिवसांपर्यंत साठवितां येते आणि निवृत्तीच्या वेळीं शिल्लक रजेचें रोख वेतन हातीं पडतें. पूर्ण सुटी उपभोगणाऱ्या शिक्षकास त्या वर्षाची अर्जित रजा मिळत नाहीं. लग्नकार्य असो वा घरचें आजारपण, भर सत्रांत त्याला किरकोळ वा अर्धपगारी रजेवर भागवावें लागतें. आणि निवृत्तीच्या दिवशीं कारकुनाच्या पदरांत पडणारी ती मोठी रक्कम शिक्षकाच्या पदरांत क्वचितच तितकी पडते.

सुटींत सरकारनें कामाला लावलें तर काय होतें, तेंहि पाहण्यासारखें आहे. निवडणूक आणि जनगणना हीं कामें शिक्षकांच्या वांट्यास नेहमींच येतात. समजा, सुटी ६० दिवसांची आहे आणि त्यांतील २० दिवस शिक्षकास थांबवून घेतलें. सुटीचा तिसरा हिस्सा गेला, म्हणून ३० दिवसांचा तिसरा हिस्सा, म्हणजे १० दिवसांची अर्जित रजा त्याच्या खातीं जमा होते. वीस दिवस दिले, दहा परत आले. या हिशेबास चैन म्हणतां येणार नाहीं.

आतां दुसरी तऱ्हा. अमरावती विद्यापीठाच्या कक्षेंतील महाविद्यालयांत आणि पांढरकवडा व पुसद येथील आदिवासी विकास प्रकल्पांच्या आश्रमशाळांसारख्या संस्थांत कायम जागा रिकाम्या राहिल्या कीं ‘तासिका तत्त्वावर’ शिक्षक नेमण्याचा प्रघात पडला आहे. येथें पद नाहीं, तास आहे. जितके तास शिकविले तितक्यांचे पैसे. तयारीचे, पेपर तपासण्याचे, सुटीचे नाहींत. दिवाळीची सुटी लागली कीं कमाई थांबते, आणि उन्हाळ्यांत तर ती पार आटते. एकाच खोलींत, एकाच फळ्यावर शिकविणाऱ्या दोघांपैकीं एकाला मे महिन्याचें वेतन मिळतें आणि दुसऱ्याला नाहीं. दोघांची पदवी मात्र एकच असूं शकते.

मधली एक पायरीहि आहे. २००० सालीं आलेल्या योजनेप्रमाणें नवा शिक्षक पहिलीं तीन वर्षें ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर राहतो. त्याचें मानधन दरमहा ठरलेलें असतें; २०२३ मध्यें प्राथमिक शिक्षणसेवकासाठीं तें १६,००० रुपये करण्यांत आलें. रक्कम लहान, पण महिन्याची. एवढाच त्याचा तासवाल्यापेक्षां आधार.

यवतमाळसारख्या जिल्ह्यांत या फरकाला विशेष धार आहे. हा कापसाचा मुलुख. पुष्कळ शिक्षकांच्या घरीं थोडीबहुत शेती असते. बी-बियाणें, खत आणि मजुरी यांचा खर्च मृगाच्या तोंडावर, म्हणजे मेअखेर व जूनच्या आरंभीं, एकदम उभा राहतो. त्याच सुमारास मुलांच्या वह्या-पुस्तकांचा व प्रवेशाचा खर्च येतो. ज्याच्या घरीं मेमध्यें पगार येत नाहीं, त्याला याच वेळीं उसनवारी करावी लागते. आणि उसने घेतलेले पैसे फेडण्यांत पुढील सत्राचे पहिले महिने जातात.

सत्राच्या आरंभीं नेमावयाचें आणि सुटीच्या आधीं सोडावयाचें, ही युक्ति नवी नाहीं. हरियाणांतील तात्पुरत्या शिक्षकांच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें १९८५ मध्यें तिच्यावर कठोर ताशेरे ओढले आणि अशा शिक्षकांना उन्हाळ्याच्या सुटीचें वेतन द्यावें असें सांगितलें. परदेशांतहि हा प्रश्न आहे. अमेरिकेंत अनेक ठिकाणीं शिक्षकाचा करार सुमारें दहा महिन्यांचा असतो. मात्र दरमहाच्या वेतनांतून कांहीं भाग राखून तो उन्हाळ्यांत देण्याची सोय असते. म्हणजे सुटीचा पगार हा तेथें शिक्षकाचाच मागें टाकलेला पैसा असतो. इंग्लंडांत २०२२ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें, केवळ सत्रापुरतें काम करणाऱ्या एका संगीतशिक्षिकेच्या रजेचें वेतन, ती वर्षांतले थोडेच आठवडे काम करते एवढ्यावरून कमी करतां येणार नाहीं, असा निर्णय दिला. त्यानंतर २०२४ पासून तेथील सरकारनें नियमच बदलले. पैशाचा हा तंटा सर्वत्र एकाच मुद्द्यावर येऊन थांबतो: शिक्षकाचें वर्ष किती महिन्यांचें धरावयाचें?

नव्यानें नोकरीस लागणाऱ्या मुलाच्या वा मुलीच्या नेमणुकीचा आदेश घरांत येतो, तेव्हां रकमेच्या आंकड्याआधीं तीन गोष्टी वाचाव्यात. नेमणूक पदावर आहे कीं तासावर? तिची अखेरची तारीख सुटीच्या अलीकडे आहे कीं पलीकडे? आणि मानधन असल्यास तें दरमहा आहे कीं कामाच्या दिवसांपुरतें? त्या तीन उत्तरांतच मे महिन्याची चूल पेटणार कीं नाहीं, हें लिहिलेलें असतें.