अकरा फिल्टरांतून सूर्य

उत्तरायणाला बडोद्याच्या सुभानपुऱ्यातली माणसं दिवसभर गच्चीवर असतात आणि संध्याकाळी रापलेली तोंडं घेऊन खाली उतरतात. रापवणारे ते अतिनील किरण. पण 300 नॅनोमीटरखालचे अतिनील किरण त्या गच्चीपर्यंत पोचतच नाहीत, ओझोन ते वरच अडवतो. कातडीसाठी हे भाग्यच. सौरज्वाला न्याहाळणाऱ्याला मात्र नेमके तेच किरण हवे असतात.

त्यासाठीची दुर्बीण घडली पुण्यात. जयंत नारळीकर ज्या 'आयुका' या खगोलसंस्थेचे संस्थापक संचालक होते, तिथे दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश यांच्या गटाने इस्रोसाठी 'सूट' बांधली. 2 सप्टेंबर 2023 ला ती आदित्य-एल1 यानातून निघाली. 6 जानेवारी 2024 पासून यान पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने 15 लाख किलोमीटरवरच्या एल1 बिंदूभोवती फिरतं आहे. तिथे सूर्य मावळत नाही.

एरवी दुर्बिणीची सगळी धडपड प्रकाश गोळा करण्याची; हिला आधी तो हाकलावा लागतो. तोंडाशीच बसवलेला फिल्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी प्रकाश आत सोडतो. मग फिरत्या चाकांवरचे फिल्टर येतात: 200 ते 400 नॅनोमीटरच्या पट्ट्यात 11 वेगवेगळी दृश्यं. इतकी कशाला? कारण प्रत्येक तरंगलांबी सूर्याच्या वेगळ्या उंचीवरची खबर आणते. 280 नॅनोमीटरच्या आसपासच्या मॅग्नेशियमच्या रेषा आणि 397 च्या जवळची कॅल्शियमची रेषा सूर्याच्या वातावरणातल्या वर्णावरण या थरातलं सांगतात. बाकीचे बरेच फिल्टर त्याखालच्या दीप्तिमंडलात डोकावतात. एकाच फिल्टरमधून ज्वाला बघणं म्हणजे इमारतीच्या एकाच मजल्यावरची आग बघणं.

1 सप्टेंबर 1859 ला रिचर्ड कॅरिंग्टनने साध्या प्रकाशात ज्वाला पाहिली, कारण ती प्रचंड होती. एरवी दृश्य प्रकाशात सूर्याचा स्वतःचाच झगझगाट ज्वालेला झाकून टाकतो. अतिनीलमध्ये, विशेषतः मॅग्नेशियमच्या रेषांत, ती पार्श्वभूमीवर उठून दिसते.

'सूट'ची खरी परीक्षा 22 फेब्रुवारी 2024 ला झाली. त्या दिवशीची ज्वाला एक्स6.3 वर्गाची, म्हणजे सर्वांत तीव्र गटातली. 'सूट'ने वातावरणाचे खालचे थर उजळताना टिपले. आदित्यवरच्याच 'सोलेक्स' आणि 'हेलिओस' या उपकरणांनी क्ष-किरणांत तीच ज्वाला नोंदवली. खालची चकाकी आणि वर प्रभामंडलात वाढलेलं तापमान यांचा थेट मेळ बसला. माझ्या मते दुर्बिणीचा खर्च इथेच वसूल झाला: चित्र देखणं आहे म्हणून नव्हे, ऊर्जा कुठून कुठे गेली ते दाखवतं म्हणून.

'सूट'ची माहिती इस्रोच्या 'प्रदान' संकेतस्थळावर खुली आहे. बडोद्यातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी नाव नोंदवून ती उतरवून घ्यावी आणि एखादी ज्वाला स्वतः मोजून पाहावी.