कोळंबीचा श्वेत-डाग रोग आणि दूर्वांचा अर्क

खाऱ्या पाण्यांत कोळंबी वाढविणाऱ्यास ज्या रोगाचें नांव ऐकतांच धडकी भरते, तो श्वेत-डाग रोग होय. तैवानांत १९९२ सालीं उद्भवलेला हा रोग १९९४ सालीं आपल्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोंचला व तेथील तळींच्या तळीं त्यानें रिकामीं केलीं. रोगट कोळंबी खाणें सोडते, काठाशीं येऊन सुस्त पडते, तिच्या कवचावर पांढरे ठिपके उमटतात आणि तीन ते दहा दिवसांत जवळजवळ सर्व पीक हातचें जातें.

हा रोग विषाणूंपासून होतो. जीवाणूंवर चालणारीं प्रतिजैविकें येथें निरुपयोगी ठरतात. शिवाय त्यांचा अंश मालांत सांपडल्यास परदेशचा व्यापारी तो माल नाकारतो. गुरांस लस टोंचली असतां त्यांच्या रक्तांत प्रतिपिंडें तयार होतात, तशीं कोळंबीच्या शरीरांत होत नाहींत. म्हणूनच संशोधकांची दृष्टि वनस्पतींकडे वळली.

तामिळनाडूंतील मेलविशारम् येथील सी. अब्दुल हकीम महाविद्यालयांत साहूल हमीद व त्यांचे सहकारी यांनीं वीस औषधी वनस्पती पारखून २००७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. बेल, दूर्वा, घाणेरी, कारलें व भुईआंवळा या पांचांत विषाणुरोधक गुण दिसला. त्यांत दूर्वा विशेष सरस ठरल्या. पुढें २००८ सालीं दूर्वांचा अर्क शेंकडा २ या प्रमाणांत खाद्यांत मिसळून टायगर कोळंबीस दिला असतां तिचें रोगापासून चांगलें रक्षण झालें. बांधावर पायाखालीं तुडविली जाणारी हरळी ती हीच, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

तथापि येथेंच सावधगिरीची सूचना देणें आम्हांस अगत्याचें वाटतें. प्रयोगशाळेच्या टांकींतील यश म्हणजे एकरभर तळ्यांतील यश नव्हे. हरळीचे भारे तळ्यांत टाकल्यानें रोग हटणार नाहीं. उलट तो पाला कुजून पाण्यांतील प्राणवायु मात्र घटेल. घाणेरी तर गुरांस विषारी आहे. अर्क खाद्यास चिकटून राहिला पाहिजे. कारण कोळंबी दाणा हळूहळू कुरतडून खाते व तेवढ्या वेळांत औषध पाण्यांत विरून जातें. तयार बाटली विकणाऱ्यास तींत कोणती वनस्पति आहे, किती आहे व तिची परीक्षा याच विषाणूवर झाली आहे काय, हे तीन प्रश्न अवश्य विचारावे.

रोग एकदां तळ्यांत शिरला कीं कोणताहि अर्क त्यास बाहेर काढीत नाहीं. यास्तव पहिला भर प्रतिबंधावरच हवा. पीक निघाल्यावर तळें भेगा पडेपर्यंत वाळवावें, चुना द्यावा, पाणी गाळून व निर्जंतुक करून घ्यावें, खेकड्यांस आडकाठी व पक्ष्यांस जाळें लावावें, आणि पीसीआर परीक्षेंत निर्दोष ठरलेलेंच बीं सोडावें. रोगट तळ्याचें पाणी खाडींत सोडणें म्हणजे शेजाऱ्याच्या घरास आग लावणें होय.

इतकें करून ज्यांस दूर्वांचा गुण पाहावयाचा असेल, त्यांनीं मत्स्यतज्ज्ञाच्या सल्ल्यानें एका लहान तळ्यांत अर्काचें खाद्य द्यावें, दुसऱ्यांत साधें. आणि दोहोंचा खर्च, मरतूक व वजन यांची नोंद ठेवावी. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या आमच्या कोळंबी-उत्पादकांस अशी वही कोणत्याहि जाहिरातीपेक्षां अधिक खरें सांगेल.