उपग्रह-प्रक्षेपण कंपन्या

मोबदला घेऊन दुसऱ्याचे कृत्रिम उपग्रह ठरलेल्या कक्षेत सोडून देणाऱ्या व्यापारी संस्था. उपग्रहाचे वजन, कक्षेची उंची व तिचा विषुववृत्ताशी होणारा कोन यांवरून मोबदला ठरतो. मोठ्या उपग्रहासाठी संपूर्ण प्रक्षेपक राखून ठेवतात. लहान उपग्रह मुख्य उपग्रहासोबत उरलेल्या जागेतून पाठवितात. उड्डाण फसल्यास उपग्रह परत मिळत नाही; म्हणून त्याचा विमा उतरविण्याची पद्धत आहे.

फ्रान्समधील एरियानस्पेस (स्थापना १९८०) ही या व्यवसायातील जगातील पहिली कंपनी मानली जाते. अमेरिकेतील स्पेसएक्स (२००२) या कंपनीने २०१५ मध्ये प्रक्षेपकाचा पहिला टप्पा उड्डाणानंतर सुखरूप उतरविला व २०१७ मध्ये वापरलेल्या टप्प्याने पुन्हा उपग्रह पाठविला. त्यामुळे प्रक्षेपणाचा खर्च घटला. भारतात हा व्यवहार अँट्रिक्स (१९९२) व पुढे न्यूस्पेस इंडिया (२०१९) या शासकीय कंपन्यांनी पाहिला. पीएसएलव्ही या प्रक्षेपकाने १९९९ मध्ये प्रथमच परदेशी उपग्रह सशुल्क नेले. एलव्हीएम-३ ने २०२२ व २०२३ मधील दोन उड्डाणांत वनवेब कंपनीचे ७२ उपग्रह कक्षेत सोडले. या प्रक्षेपकांच्या उभारणीत महाराष्ट्राचाही वाटा आहे : वालचंदनगर येथे त्यांच्या मोटरींची आवरणे, तर मुंबईतील विक्रोळी येथील गोदरेजच्या कारखान्यात विकास एंजिने तयार होतात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा सु. १ किग्रॅ. वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्हीनेच कक्षेत गेला.

काम संपलेले टप्पे कालांतराने वातावरणात शिरून जळतात. त्यांचे न जळलेले भाग जमिनीवर पडू शकतात. २ एप्रिल २०२२ रोजी रात्री वऱ्हाडातील अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून आकाशात जळत जाणाऱ्या वस्तू दिसल्या. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी धातूचे मोठे कडे पडले व परिसरात धातूचे गोलही सापडले. हे एका चिनी प्रक्षेपकाच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष असावेत, असे अभ्यासकांचे मत आहे. अशा प्रसंगी होणाऱ्या नुकसानीची भरपाई १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रक्षेपण करणाऱ्या राष्ट्राकडे मागता येते. प्रक्षेपक खाजगी कंपनीचा असला, तरी हे दायित्व त्या राष्ट्राचेच असते. म्हणून कंपन्यांना परवाना देताना सुरक्षिततेच्या अटी घालणे, हे शासनाचे कर्तव्य ठरते. भारतात खाजगी कंपन्यांना अशी अनुमती देण्याचे काम इन-स्पेस (२०२०) या संस्थेकडे आहे.