स्पीकर घेण्याआधी कान तपासा

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक मुलासोबत बाह्यरुग्ण विभागात आले होते. रक्तदाबाच्या गोळ्या लिहून झाल्यावर मुलाने विचारले, "डॉक्टर, बाबांसाठी होम थिएटर घ्यायचे आहे. किती वॉटचे घेऊ? जुन्या स्पीकरवर त्यांना गाणे नीट ऐकूच येत नाही. आवाज इतका वाढवतात की शेजारी तक्रार करतात." गुरुजी मध्येच म्हणाले, "आवाज येतो हो, शब्द कळत नाहीत."

त्या एका वाक्याने मी सावध झालो. त्यांना कान-नाक-घसा विभागात पाठवले. कानात मळ नव्हता. ऑडिओमेट्रीचा आलेख मात्र उजवीकडे घसरत गेला होता. खालच्या पट्टीतले आवाज ठीक, वरच्या पट्टीतले बरेच कमी.

वयानुसार येणारा बहिरेपणा असाच सुरू होतो. तरुण निरोगी कान २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. अंतर्कर्णातल्या सूक्ष्म केसपेशी झिजू लागल्या, की आधी वरची टोके जातात. स्वर खालच्या पट्टीत असतात, पण 'स', 'श', 'फ' ही व्यंजने वरच्या. म्हणून आवाज येतो, शब्द निसटतात. अशा कानाला मोठा आवाज एकदम बोचतोही. हजार वॉट आणले असते, तर घर हादरले असते आणि गुरुजींना शब्द तरीही कळले नसते. मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. श्रवणयंत्र मात्र उपयोगी पडते. गाणे ऐकणाऱ्याने ते ऑडिओलॉजिस्टला आवर्जून सांगावे. अनेक डिजिटल यंत्रांत संगीतासाठी वेगळी जुळणी करता येते.

वॉटच्या मागे लागू नका

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला 'पीएमपीओ'चा आकडा विसरा, 'आरएमएस' बघा. वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट वॉट लागतात. १० बाय १२ फुटांच्या खोलीत नेहमीच्या आवाजात गाणे ऐकताना बहुतेक स्पीकर एक-दोन वॉटच वापरत असतात.

गाणे कोणते, ते आधी ठरवा

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला खर्ज हवा. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ७० हर्ट्झला वाजते. तळहाताएवढा ब्लूटूथ स्पीकर तिथे दुबळा पडतो आणि तबल्यातला डग्गा नुसता 'टक' वाजतो. पाच-सहा इंची वूफर असलेले दोन स्पीकर हे काम नीट करतात. भावगीते, नाट्यपदे, कीर्तन यांत शब्द महत्त्वाचे. तिथे 'बास'चे बटण वाढवले तर गायकाचा आवाज झाकला जातो. अब्दुल करीम खाँ किंवा बालगंधर्व यांच्या जुन्या तबकड्यांत खालचे आणि वरचे सूर मुळातच कमी उतरले आहेत. महागडा सबवूफर ते कुठून आणणार? नव्या चित्रपटांची आणि नाचाची गाणी आवडत असतील, तर सबवूफरला अर्थ आहे.

साधारण १५ हजार रुपयांचे बजेट असेल, तर त्यात सहा खोक्यांचा संच घेण्यापेक्षा अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेले दोन चांगले स्पीकर घ्यावेत. आपल्या बहुतेक गाण्यांचे ध्वनिमुद्रण एक किंवा दोन वाहिन्यांचेच असते. दुकानात जाताना आपले पाठ असलेले एक गाणे घेऊन जा आणि हळू आवाजात ऐका. हळू आवाजातही शब्द स्पष्ट आले, तर स्पीकर चांगला. मोठ्या आवाजात सगळेच स्पीकर भारी वाटतात.

खोलीसुद्धा वाजते

फरशी आणि उघड्या भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे शब्द एकमेकांत मिसळतात. जाड पडदा, सतरंजी, पुस्तकांचे कपाट एवढ्यानेही फरक पडतो. स्पीकर कोपऱ्यात कोंबले तर घुमतात. ते भिंतीपासून थोडे पुढे, बसल्यावर कानाच्या उंचीवर ठेवा. दोन स्पीकरमध्ये जेवढे अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर समोर बसा. याला खर्च शून्य.

किती मोठे, किती वेळ?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. पुढे दर ३ डेसिबलमागे वेळ निम्मी होते. ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास. मोबाइलवरचे डेसिबल मोजणारे अ‍ॅप अंदाजापुरते पुरेसे आहे. त्याहून सोपी खूण म्हणजे हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज जास्त आहे. गाणे थांबल्यावर कानात गुणगुण राहिली, तर तो इशारा समजा. आजोबांसाठी वाढवलेला आवाज त्याच खोलीत बसलेल्या नातवाच्या कानातही जातो, हेही लक्षात ठेवा.

गुरुजींनी आधी श्रवणयंत्र घेतले आणि मग दोन छोटे स्पीकर. परवा रक्तदाब तपासायला आले तेव्हा म्हणाले, "आवाज निम्म्यावर आलाय. आता शब्द कळतात." तुमच्या घरातही कुणी आवाज सारखा वाढवत असेल, तर दुकानाआधी रुग्णालयाची पायरी चढा. त्या तपासणीला अर्धा तास पुरतो.