संगणकातली भिंत



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे १० हजार माणसे दगावली. जमीन हलली म्हणून ती गेली, असे आपण म्हणतो. वास्तविक बहुतेक जण गेले ते राहती घरे अंगावर कोसळली म्हणून. जड मातीची माळवदे आणि दगडमातीच्या रुंद भिंती असलेली तशी घरे आपल्या खेड्यांत आजही आहेत.

असे घर धक्क्यात कसे वागेल, हे आता संगणकावर अजमावता येते. घराची आकृती तयार करून ती गणन करणाऱ्या प्रणालीत घालतात. प्रणाली तिचे हजारो लहान तुकडे पाडते. त्या तुकड्यांच्या रचनेला जाळी म्हणतात. मग प्रत्येक तुकड्यावर किती ताण येतो ते काढले जाते. परंतु उत्तराचा खरेखोटेपणा बराचसा त्याआधीच, आकृती सिद्ध करताना ठरून जातो. त्यात तीन कामे असतात.

पहिले काम टाकून देण्याचे. चौकटीवरची नक्षी, खुंट्या, कडांची गोलाई यांपाशी जाळी विनाकारण बारीक होते आणि गणित फुगते. भार वाहण्यात ज्याचा वाटा नाही, ते काढावे. खोल कोनाडा मात्र काढू नये, कारण तेथे भिंतच पातळ झालेली असते.

दुसरे काम आकृती एका प्रणालीतून दुसरीत नेण्याचे. 'स्टेप' या साच्यात आकृतीबरोबर मापाचे एककही जाते. 'एसटीएल' या साच्यात नुसते त्रिकोण आणि आकडे जातात. मग ३००० म्हणजे मिलिमीटर की मीटर? येथे घोटाळा झाला, तर लांबी हजारपट आणि घनफळ १०० कोटीपट होते. यावर सोपा उपाय वजनाचा. ३ मीटर लांब, ३ मीटर उंच व ६० सेंटीमीटर जाड भिंत ५.४ घनमीटर भरते. घनमीटरला सुमारे २ टन धरले, तर तिचे वजन ११ टनांच्या आसपास आले पाहिजे. तसे येत नसेल, तर पुढे जाऊ नये.

तिसरे काम सांध्यांचे, आणि खरी मेख येथे आहे. आपली जुनी भिंत बाहेरून एकसंध दिसते. तिच्या पोटात पाहिले तर बाहेरचा एक पदर, आतला एक पदर, आणि मध्ये दगडगोटे व माती. आरपार जाणारे दगड नसतील, तर हादऱ्याने दोन्ही पदर सुटतात, फुगतात आणि ढासळतात. म्हणूनच आयएस १३८२८ हे भारतीय मानक सांगते की, दर ६० सेंटीमीटर उंचीला, १.२ मीटरहून अधिक अंतर न ठेवता, पूर्ण रुंदीचे दगड घालावेत.

आता आकृती काढणारा काय करतो? एक चौकोन काढतो आणि मोकळा होतो. त्याने दोन पदर वेगळे काढलेच, तरी आकृती आत घेताना फटी बुजवणारी सोय ते एकमेकांना चिकटवून टाकण्याचा संभव असतो. मग संगणक सांगतो, भिंत भक्कम आहे. हिशेब बिनचूक असतो, पण तो नसलेल्या भिंतीचा असतो. यासाठी पदर वेगळे ठेवावेत. ते एकमेकांना टेकले आहेत, चिकटलेले नाहीत, असे प्रणालीला स्पष्ट सांगावे. आणि आरपार दगड असेल तेवढ्याच ठिकाणी जोड द्यावा. लाकडी खणांचेही तसेच. माळवदाचा भार खांबांवर आहे की भिंतीवर, हे पाहूनच तुळईचा सांधा ठरवावा.

हे सारे कोणत्याही नकाशात लिहिलेले नसते. ते भिंत रचणाऱ्या गवंड्याला ठाऊक असते. बांधकाम मजुरांच्या संघटनेत काम करताना मी पाहतो की, गवंड्याला त्याची रोजी विचारली जाते, भिंतीच्या पोटात काय आहे ते विचारले जात नाही. आकृतीवर पहिली रेघ ओढण्यापूर्वी त्याला विचारावे, आणि एखाद्या कोपऱ्यातले चार दगड काढून खात्री करून घ्यावी. संगणक आपण सांगितले तेवढेच जाणतो. आपण खोटी भिंत सांगितली, तर त्याची किंमत त्या घरात झोपणाऱ्यांना मोजावी लागेल.